सामना कोठे पाहावा?



येत्या ११ जूनपासून अमेरिका, कॅनडा व मेक्सिको या तीन देशांत मिळून फुटबॉलचा विश्वचषक भरत आहे. ४८ संघ, १०४ सामने आणि १९ जुलैपर्यंत चालणारा साडेपाच आठवड्यांचा उत्सव, असा त्याचा यंदाचा विस्तार आहे. संत्र्याच्या बागांसाठी आणि पन्हेऱ्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आमच्या शेंदूरजनाघाटाला या उत्सवाचे काय, असे कोणी म्हणेल. क्रिकेटपुढे इकडे इतर खेळ फिकेच पडतात, हे खरे आहे. तथापि शिक्षणासाठी नागपूर-पुण्यास राहून पेढीवर परतलेली मुले पदवीखेरीज आणखीही काही सोबत आणतात, आणि त्यात अलीकडे अर्जेंटिनाचा निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा हमखास असतो.

म्हणून जूनमध्ये घरोघरच्या वडीलधाऱ्यांपुढे एक प्रसंग येणार आहे. ‘रात्री सामना पाहायला जातो,’ असे चिरंजीव म्हणतील आणि आपण विचारू, ‘कोठे?’ सामना कोणाकोणाचा, हे न विचारता आपण प्रथम ‘कोठे’ हेच विचारतो, आणि ते योग्यच आहे. फक्त त्या ‘कोठे’चे उत्तर शोधण्याचे काम आपण त्याच्याकडे सोपवून निजावयास जातो. ते काम थोडे आपलेही आहे, असे मला वाटते.

आधी वेळेचा हिशेब पाहू. रशियातील २०१८ चा आणि कतारमधील २०२२ चा, असे मागील दोन्ही अंतिम सामने आपल्याकडे रात्री साडेआठला सुरू झाले होते. १८ डिसेंबर २०२२ च्या रात्री अर्जेंटिना व फ्रान्स ३-३ असे बरोबरीत राहिले आणि पेनल्टींवर अर्जेंटिनाने ४-२ अशी बाजी मारली, तेव्हाही साडेअकराच्या सुमारास सर्व आटोपले होते. घरातील आजोबाही तोवर जागे राहू शकत होते. यंदा तसे नाही. भारतीय वेळेप्रमाणे बहुतेक सामने रात्री साडेनऊ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊ या दरम्यान सुरू होतील. दोन्ही उपांत्य सामने आणि अंतिम सामना मध्यरात्र उलटून अर्धा तास झाल्यावर, साडेबाराला. अंतिम सामना तेथील रविवारचा. आपल्या घड्याळात मात्र सोमवार लागलेला असेल आणि सकाळी पेढी उघडायची असेल. २०१४ साली ब्राझीलमधील अंतिम सामनाही आपल्याकडे साडेबारालाच सुरू झाला होता. जर्मनीच्या मारिओ गोट्झेचा एकमेव गोल ११३ व्या मिनिटाला, म्हणजे जादा वेळेत झाला, आणि तो पाहून उठेपर्यंत रात्रीचे तीन वाजले होते.

या खेळाचा स्वभावच असा आहे. क्रिकेटमध्ये चेंडूगणिक काहीतरी हिशेबाला लागते. येथे दीड तास काहीच जमा होत नाही आणि एका क्षणात सगळे होऊन जाते. ती प्रतीक्षा एकट्याने सोसवत नाही. बैठकीच्या खोलीत आजी झोपलेली, म्हणून आवाज बंद करून चित्र तेवढे पाहणारा मुलगा सामना पाहतो खरा, पण त्याला सोबत नसते. तेव्हा ‘घरी टीव्ही आहे की, बाहेर कशाला?’ हे वडिलांचे वाक्य वाजवी दिसले तरी त्याने प्रश्न सुटत नाही. मुलगा बाहेर जातो तो चित्रासाठी नव्हे. गोल झाल्यावर ज्याच्या खांद्यावर हात टाकता येईल अशा माणसासाठी तो जातो.

मोठ्या शहरांतून याचे उत्तर बाजाराने दिले आहे. मुंबई, पुणे, नागपूर येथील अनेक मद्यालयांतून अशा रात्री मोठे पडदे लागतात, टेबले आधी राखून ठेवावी लागतात आणि काही ठिकाणी बसण्याचेच पैसे मोजावे लागतात. त्यात दुकानदाराचा दोष नाही. दोन तास खुर्ची अडवून बसणाऱ्याने काही मागवावे, ही त्याची अपेक्षा आपण व्यापारी तरी समजू शकतो. परंतु ज्याला मागवण्यासारखे तेथे काहीच नाही त्याचे काय? जैन तरुणाची अडचण केवळ मद्य-मांसाची नसते. रात्री साडेबाराला त्याच्यापुढे फळांचा रस आणला तरी, चौविहार पाळणारा असेल तर, तो घोट घेऊ शकत नाही. मग कोपऱ्यात अवघडून बसायचे, किंवा चारचौघांत नियम मोडायचा. आठ-दहा मित्रांत एकट्याने ‘मला काही नको’ असे वारंवार सांगणे एकविसाव्या वर्षी सोपे नसते, हे आपण वयाने मोठे झालो की विसरतो.

मद्यावाचून फुटबॉलचा चाहता रंगत नाही, अशी समजूत मात्र जगानेच खोडून काढली आहे. स्पर्धा सुरू होण्यास दोन दिवस उरले असताना, १८ नोव्हेंबर २०२२ रोजी, कतारमध्ये मैदानांच्या परिसरातील बीअरची विक्री बंद केल्याचे जाहीर झाले. बरीच ओरड झाली. पण सामने झाले, गर्दीही झाली, आणि अंतिम सामना विश्वचषकाच्या इतिहासातील सर्वांत रोमहर्षक सामन्यांपैकी एक ठरला.

आमच्या बाजूच्या गावांतून मद्यालयाची जागा हमरस्त्यावरचा ढाबा घेतो. तेथे भिंतीवर टीव्ही असतो, खाटा असतात, आणि पहाटेपर्यंत कोणी उठवत नाही. माझी चिंता तेथील जेवणापेक्षा दोन वेगळ्या गोष्टींची आहे. पहिली परतीच्या रस्त्याची. पहाटे तीनला, जून-जुलैच्या ओल्या रस्त्यावर, डोळ्यांवर झोप असलेली तीन मुले एका दुचाकीवर, हे चित्र कोणत्याही आईला विचारा. दुसरी सट्ट्याची. तेजी-मंदीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या घरांतील मुलांना आकड्यांचे आकर्षण असते, आणि अनोळखी घोळक्यात ‘शंभराची लावतोस का?’ हा प्रश्न यायला वेळ लागत नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. पण तोंडी लावलेल्या पैजेला ना मोबाइल लागतो ना पावती.

आता थोडे कोल्हापूरकडे वळू. सोयरिकीच्या वा व्यापाराच्या निमित्ताने आपल्या वाचकांपैकी अनेकांचे तिकडे जाणे-येणे असते. महाराष्ट्रात फुटबॉल पेठांतून आणि तालमींतून खऱ्या अर्थाने जगतो तो तेथे. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे कुस्तीच्या आखाड्यांची वाटतील, पण शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी खेचतात ती त्यांचे फुटबॉल संघ. २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. विश्वचषकाचे वर्ष आले की तेथील चौकांत मेस्सी, रोनाल्डो, नेमार यांचे फलक लागतात आणि एकाच गल्लीत अर्जेंटिना व ब्राझील अशा दोन वसाहती होतात. सामना कोठे पाहायचा, हा प्रश्न तेथील मुलाला फारसा पडत नसावा. तालमीची जागा आधीपासून आहे, ती गल्लीची आहे, तेथे बसायला पैसे पडत नाहीत आणि तेथे बसलेल्या प्रत्येकाला त्याच्या बापाचे नाव ठाऊक असते. या वेडाला हुल्लडबाजीचे गालबोटही लागलेले आहे. स्थानिक संघांच्या समर्थकांतील भांडणे कोल्हापूरकरांना नवी नाहीत. तरीही बापाचे नाव ठाऊक असलेल्या जागेचे मोल मी वर ठेवीन.

केरळातील एक हकिगत तर आपल्या हिशेबी स्वभावाला विशेष रुचेल. २०२२ च्या विश्वचषकापूर्वी कोची परिसरातील मुंडक्कामुगल येथील सतरा चाहत्यांनी, सर्वांना एकत्र बसून सामने पाहता यावेत म्हणून, विक्रीस निघालेले एक घर मिळून २३ लाख रुपयांना विकत घेतले. घर ब्राझील, अर्जेंटिना, पोर्तुगाल अशा संघांच्या रंगांत रंगवले, झेंडे लावले आणि आत मोठा टीव्ही बसवण्याचा बेत केला. दरडोई सुमारे १ लाख ३५ हजार रुपये पडले. वेडेपणा म्हणाल तर आहे. पण भागीदारीच्या दृष्टीने पाहा: सतरा जणांची वर्गणी, मालमत्ता हातात, आणि स्पर्धा संपली तरी घर कोठे जात नाही. भाड्याच्या खुर्चीवर रात्रीमागे रात्र पैसे घालण्यापेक्षा हा सौदा मला तरी तोट्याचा वाटत नाही.

शेंदूरजनाघाटात कोणी घर विकत घ्यावे, असे मी सुचवीत नाही. आपल्याकडे जागा आहेतच, आणि त्या नेमक्या या दिवसांत रिकाम्या असतात. २०२२ ची स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन आंबिया बहराच्या तोडणीत आली होती. तेव्हा संत्र्याच्या शेडमध्ये कॅरेटांच्या थप्प्यांतून माणसाला वाट काढावी लागत होती. यंदा जूनमध्ये मृग बहराचा मालही जाऊन महिने झालेले असतील. पन्हेरीवाल्यांची कलमांची धावपळ पाऊस पडल्यावर सुरू होईल, पण प्रतवारीची शेडे, धान्याची गोदामे, अडतीचे ओटे मोकळे असतील. एक पांढरी धुतलेली भिंत, एक प्रोजेक्टर, खाली ताडपत्री आणि तिच्यावर सतरंज्या. याहून अधिक काय हवे?

जुन्या मंडळींना ही कल्पना परकी वाटू नये. १९८७-८८ मध्ये ‘रामायण’ मालिकेसाठी ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर सारी आळी जमत असे, आणि चपला दारापासून रस्त्यापर्यंत पसरत. त्याच्या आदल्याच वर्षी, २९ जून १९८६ च्या रात्री साडेअकराला, मेक्सिकोच्या अझ्टेका मैदानात मॅराडोनाच्या अर्जेंटिनाने पश्चिम जर्मनीला ३-२ असे हरवले होते. ज्यांनी तो सामना दूरदर्शनवर पाहिला, त्यांपैकी कितीतरी जणांनी तो दुसऱ्याच्या घरी बसून पाहिला असेल. यंदाच्या स्पर्धेचा पहिला सामना त्याच अझ्टेका मैदानात आहे. चाळीस वर्षांत टीव्ही घरोघरी झाले, पुढे खोलोखोली झाले आणि आता खिशात आले. ओसऱ्या मात्र ओस पडल्या.

जागेचा विचार करताना आपण मुलगे तेवढे डोळ्यांपुढे ठेवतो, हे येथे नमूद केलेच पाहिजे. ढाब्यावर मुलगी जाऊ शकत नाही. मध्यरात्रीच्या मद्यालयात सूनबाई जाणार नाहीत. दहा वर्षांचा नातू नाही, सत्तरीचे काका नाहीत, पेढीवरचे दिवाणजी नाहीत, आणि वर्षभर आपली कॅरेट उचलणारा हमाल तर नाहीच. जागा ठरली की कोण वगळले गेले तेही ठरते. भारतात २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक झाला. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवून तो जिंकला. तो पाहून फुटबॉलची गोडी लागलेल्या मुली आपल्याही घरांत आहेत. भावाला ‘लवकर ये’ आणि बहिणीला ‘मोबाइलवर पाहा’, असे सांगणारे घर दोघांनाही चुकीचा धडा देते. शेडमध्ये दोन कुटुंबांतील थोरली मंडळी बसलेली असतील, काकू एका बाजूला गप्पा मारीत असतील, तर त्या मुलीला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.

समाजाच्या सभागृहाची किंवा धर्मशाळेची सूचना लगेच येईल, म्हणून माझे मत आधीच सांगतो: मंदिर वा स्थानकाला लागून असलेली जागा नको. तेथे कोणाचे सामायिक चालू असते, विहारातून आलेल्या साध्वीजींचा मुक्काम असू शकतो, आणि गोल झाल्यावर ओरडू नका असे सांगणे म्हणजे पावसाला पडू नकोस म्हणण्यासारखे आहे. ज्याची त्याची जागा वेगळी असावी. वस्तीपासून थोडे दूरचे, एखाद्या व्यापाऱ्याचे शेड सर्वांत बरे.

चौकात पडदा लावण्याचा मोहही आवरावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त जागेत, आतल्यापुरता आवाज चालतो. सामना साडेबाराचा, तेव्हा चौकाचा प्रश्नच उरत नाही. प्रवेशासाठी तिकीटही लावू नये. पैसे घेऊन दाखवले की ते व्यावसायिक प्रदर्शन होते आणि त्याला प्रक्षेपणाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी लागते. वर्गणी काढण्यापेक्षा एकाने प्रोजेक्टर, दुसऱ्याने इन्व्हर्टर, तिसऱ्याने सतरंज्या असे वाटून घ्यावे. जूनच्या वादळी पावसात वीज जातेच, आणि ढग दाटले की छतावरच्या तबकडीचे चित्रही जाते. म्हणून इंटरनेटची दुसरी सोय असावी. मात्र दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत. इंटरनेटवरचे चित्र बरेच सेकंद मागे असते; एकाच्या मोबाइलवर गोल झालेला आणि भिंतीवर चेंडू अजून मधल्या रेषेजवळ, असे झाले की साऱ्या रात्रीचा विरस होतो. आत येताना मोबाइल एका टोपलीत ठेवण्याची अट घातली तर हा विरस टळेल, आणि आकडे लावण्याची सोयही आपोआप जाईल.

राहता राहिले खाणे. यंदा ज्येष्ठ अधिक आल्याने चातुर्मास लांबला आहे. अंतिम सामन्यानंतर आठवड्याभराने तो बसेल. तरीही माझे मत असे की या रात्रींतून खाण्याचा विषयच काढून टाकावा. सूर्यास्तापूर्वी सर्वांनी आपापल्या घरी, किंवा एखाद्या घरी एकत्र, जेवून घ्यावे. ज्यांना रात्री पाणी चालते त्यांच्यासाठी गाळलेल्या पाण्याचा माठ ठेवावा. ज्यांचा कोणताच नियम नाही, असेही काही मित्र येतील; त्यांना टोचून बोलू नये आणि त्यांच्यासाठी वेगळे काही मांडूही नये. जेथे कोणीच खात नाही तेथे न खाणारा वेगळा दिसत नाही. ढाब्यावर जे मुलाला एकट्याने पेलावे लागते, ते येथे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

सकाळचे काही सामने तर आपल्या सोयीचेच आहेत. जूनमध्ये इकडे सूर्योदय साडेपाच-पावणेसहाच्या दरम्यान होतो. त्यात ४८ मिनिटे मिळवली की साडेसहाच्या सामन्याची पहिली शिट्टी आणि नवकारशी जवळजवळ एकत्रच येतात. आयोजकांनी आपले पंचांग पाहून वेळा ठरवल्या की काय, अशी शंका यावी! हे सामने आजोबांनी नातवंडांसह पाहावेत. मध्यंतरात पोहे खाता येतील.

पेढीच्या मालकांना एक विनंती आहे. १५, १६ आणि २० जुलै या तीन सकाळी दुकान तासभर उशिरा उघडले तर बाजार बुडणार नाही. मुलाला रात्री मोकळे सोडून पहाटे सहाला शटर उचलायला लावणे म्हणजे परवानगी देऊन दंड वसूल करणे होय. तो उशीर गिऱ्हाइकाला आधी सांगून ठेवावा. आमच्या भागातील शेतकरीही आता मेस्सीला ओळखतो.

दोन संघांचे पाठीराखे एकाच शेडमध्ये बसवावेत की वेगळे, असे काही तरुणांनी विचारले आहे. एकत्रच बसवावेत. समोरच्याची जीत तीन फुटांवरून पाहावी लागणे, हे या खेळातील अर्धे शिक्षण आहे आणि अर्धी गंमतही. एवढे मात्र ठरवून घ्यावे की हरलेल्याच्या सदऱ्यावरून त्याच रात्री थट्टा नको. ती दुसऱ्या दिवशी दुकानात करावी.

पहिला सामना मेक्सिको व दक्षिण आफ्रिका यांच्यात, ११ जूनच्या गुरुवारी रात्री साडेबाराला आहे. शेड कोणाचे आणि किल्ली कोणाकडे, हे त्याआधी ठरवून ठेवावे. शेड निवडताना वर पत्रे आहेत की स्लॅब, हेही पाहून घ्यावे. मृगाची एक जोराची सर पत्र्यावर आली की समालोचकाचा एक शब्दही ऐकू येणार नाही.